गाडीत कोण बसले आहे?

नागपूरहून वर्धा रोडने दक्षिणेकडे निघाले की सुमारे तीस किलोमीटरवर बुटीबोरी लागते. येथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक वर्ध्याला जातो, दुसरा हैदराबादला. शेजारून रेल्वे धावते आणि भोवताली औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. नागपुरातल्या कितीतरी घरांतली कमावती मुले, आणि हल्ली मुलीसुद्धा, डबा घेऊन रोज इकडे येतात. यंत्रे आणि मालमोटारी जेथे एवढ्या दाटीने नांदतात, तेथे कधी ना कधी कोणाचा हात यंत्रात सापडणार, कोणाची दुचाकी घसरणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

असे काही घडले की आपण पहिल्याने विचारतो, "गाडी किती वेळात आली?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा असा : त्या गाडीत कोण बसले होते, आणि त्याला काय येत होते? या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. ती आपण शेजारी शेजारी मांडून पाहू.

अमेरिकेचे नाव काढले की आपल्याला वाटते, तेथे सारे पहिल्यापासून चोख असणार. पण १९६० च्या सुमारास तेथल्या पुष्कळ गावांत रुग्णवाहिका चालवीत असत अंत्यसंस्काराचा धंदा करणारे लोक! कारण उघड होते. आडवा माणूस मावेल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असे. आणि वाटेत काही बरेवाईट झाले तरी गिऱ्हाईक हातचे जात नसे. १९६६ साली तेथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने एक अहवाल काढला आणि अपघाती मृत्यूला समाजाचा दुर्लक्षित रोग म्हटले. पुढच्याच वर्षी पिट्सबर्ग शहरात डॉ. पीटर साफर यांच्या पुढाकाराने 'फ्रीडम हाऊस' नावाची सेवा उभी राहिली. तिच्यात घेतले कोण? गरीब वस्तीतले कृष्णवर्णीय तरुण. कित्येक बेकार, काहींची शाळाही अर्धवट सुटलेली. त्यांना सुमारे तीनशे तास कसून शिकवले, आणि या पोरांनी रस्त्यावर असे काम करून दाखवले की पुढे साऱ्या देशाने त्यावरून धडा घेतला. ही सेवा १९७५ साली बंद झाली. धडा मात्र राहिला.

आज अमेरिकेत या कामाच्या चार पायऱ्या आहेत. गाडीवर नेहमी दिसणारा ईएमटी साधारण दीडशे ते दोनशे तास शिकलेला असतो. गंमत अशी, की तेथल्या पुष्कळ राज्यांत केस कापण्याच्या परवान्याला याच्या कितीतरी पट तास लागतात! सर्वांत वरचा पॅरामेडिक मात्र हजाराहून अधिक तास, म्हणजे एक-दोन वर्षे शिकतो.

हा फरक आपल्या बुटीबोरीत आणून पाहा. समजा, पाळीच्या अखेरीस एखाद्या कामगाराच्या छातीत कळ आली. खालच्या पायरीचा माणूस त्याला प्राणवायू देईल, थांबलेले हृदय छाती दाबून चालू ठेवील, विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र लावील. पॅरामेडिक त्यापुढे जाऊन हृदयाचा आलेख वाचील, शिरेतून औषध देईल, श्वासनलिकेत नळी घालील, आणि रुग्णालयाला आधीच कळवील की अमुक रोगी येतो आहे, तयारी ठेवा. गाडी तीच आणि रस्ताही तोच, पण त्या अर्ध्या तासात रोग्याच्या पदरात पडते ते निराळे.

इंग्लंडने पॅरामेडिक होण्यासाठी आता विद्यापीठाची पदवी ठरवली आहे. नोंदणी नसताना कोणी स्वतःला पॅरामेडिक म्हणवले तर तो गुन्हा होतो. जर्मनीत ५२० तास शिकलेला सहायक असतो, आणि त्याच्यावर तीन वर्षे शिकलेला तज्ज्ञ. हा दुसरा दर्जा २०१४ साली अमलात आलेल्या कायद्याने मिळाला. शिवाय प्रसंग बिकट असेल तर निराळ्या मोटारीतून डॉक्टर येतो. फ्रान्समध्ये १५ नंबर फिरवला की प्रसंग तोलून निर्णय घेणारा डॉक्टरच असतो, आणि रोगी अत्यवस्थ असेल तर डॉक्टर आणि परिचारिका असलेली गाडी निघते. थोडक्यात, इंग्लंड-अमेरिकेची रीत रोग्याला लवकर रुग्णालयात नेण्याची. फ्रान्स-जर्मनीची रीत रुग्णालयच रोग्याकडे नेण्याची.

मग आपण कुठे? हैदराबादला २००५ साली १०८ नंबरची सेवा सुरू झाली, ती काही आठवडे शिकवलेल्या तंत्रज्ञांच्या बळावर. महाराष्ट्राने २०१४ साली आपली सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू केली, तेव्हा निराळा मार्ग धरला : प्रत्येक गाडीत डॉक्टर. कागदावर पाहिले तर आपण थेट फ्रान्सच्या पंगतीला बसलो! पण पंगत एक असली तरी पान एक नव्हे. तिकडचा डॉक्टर तातडीच्या उपचारांतच मुरलेला. आपल्याकडे गाडीवर आले ते बहुतेक आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर, आणि हे काम त्यांना पदवीनंतर वेगळे शिकवावे लागले. त्यांच्या कष्टांना उणे लेखण्याचे कारण नाही. पण पदवी भिंतीवर टांगता येते. रात्री दोन वाजता हैदराबाद रस्त्यावर, चेपलेल्या मोटारीत अडकलेल्या माणसाची मान कशी धरावी, हे हातालाच यावे लागते. ते येते सरावाने, आणि दरवर्षी पुन्हा घेतलेल्या परीक्षेने.

आपल्याकडे खरी उणीव आहे ती मधल्या पायरीची. या विषयाची पदवी आपल्या देशात आहे, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्यसेवेतील व्यवसायांची जी यादी केली तिच्यात या तंत्रज्ञाचेही नाव आहे. परंतु आपल्या घरांत काय चालते? बारावीच्या निकालादिवशी डॉक्टर आणि इंजिनिअर या दोन शब्दांपलीकडे तिसरा शब्द निघत नाही. वैद्यकीय प्रवेश हुकलेल्या हुशार मुलीला "तू पॅरामेडिक हो" असे म्हणणारे वडील तुमच्या आळीत किती आहेत, ते मोजून पाहा. एक हात पुरेल.

आणि गाडी कितीही चांगली असली तरी ती येईपर्यंतची मिनिटे कोणाची? हृदय थांबले तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. तेवढ्या वेळात शेजारच्या यंत्रावरचा सोबतीच काय तो जवळ असतो. हे ओळखूनच १९४८ च्या कारखाना कायद्याने दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी, आणि ती सांभाळायला प्रमाणपत्र घेतलेला माणूस, असा दंडक घातला होता. पेटी बहुधा असते. तिची किल्ली कोणाकडे आणि त्या माणसाला काय येते, हे तुमच्या घरच्या कामावर जाणाऱ्याने उद्या विचारावे.

रस्त्यावर मदत करायला पोलिसांच्या लचांडाची भीती वाटत असेल, तर तीही आता सोडा. सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निर्णय आणि मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती, दोन्ही मदत करणाऱ्याच्या पाठीशी आहेत; त्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

घरापुरते बोलायचे तर या सुट्टीत दोन गोष्टी सर्वांनी शिकाव्यात. फटाक्याने भाजले तर शाई, हळद, टूथपेस्ट यांतले काही न लावता वीस मिनिटे नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली धरावे. आणि कोणी कोसळून श्वास थांबला तर १०८ ला फोन करायला एकाने धावावे, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे दोन इंच खोल, दाबत राहावे. हे वाचून येत नाही. जाणत्याकडून एकदा करवून घ्यावे लागते. एका दुपारचे काम आहे. चकल्या तळायला याहून जास्त वेळ लागतो.