ठरलेले प्रश्न आणि पाचवीतला विद्यार्थी

पावसाळा सरत आला की पाथर्डी तालुक्याच्या गावोगावी दोन याद्या तयार होऊ लागतात. एक मुकादमाच्या वहीत, कोणत्या कोयत्याने किती उचल घेतली याची. दुसरी शाळेत, पाचवीतील कोणत्या मुलांचे अर्ज जवाहर नवोदय विद्यालयाच्या निवड चाचणीसाठी भरावयाचे याची. या दोन याद्यांत पुष्कळदा एकाच घरची नावे असतात. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, आणि चाचणी नेमकी हंगामाच्या ऐन भरात येते: २०२५ साली ती १८ जानेवारीस झाली आणि त्यापुढच्या प्रवेशवर्षासाठीची त्याच साली १३ डिसेंबरला. जिल्ह्याचे नवोदय विद्यालय पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथे आहे. सहावीसाठी जास्तीत जास्त ऐंशी जागा, त्यांतील किमान पंचाहत्तर टक्के ग्रामीण भागातील मुलांसाठी. या चाचणीस मूल आयुष्यात एकदाच बसू शकते. नापास झाल्यास पुढल्या वर्षी पुन्हा बसू, ही सोय येथे नाही.

या परीक्षेत तेच ते प्रश्न येतात, अशी एक तक्रार आहे. आणि तेच ते प्रश्न येतात म्हणून घाबरू नका, असा दिलासाही दिला जातो. दोन्हींत तथ्य आहे. ऐंशी प्रश्न, शंभर गुण, दोन तास. त्यांपैकी चाळीस प्रश्न व पन्नास गुण बुद्धिमापनाचे असून त्यात शब्द जवळजवळ नाहीत, सगळा कारभार आकृत्यांचा आहे. वेगळी आकृती ओळखणे, जुळणारी आकृती शोधणे, मालिका पुरी करणे, आरशातील प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, मोठ्या आकृतीत दडलेली लहान आकृती, असे एकंदर दहा प्रकार आणि प्रत्येकाचे चार प्रश्न. अंकगणिताचे वीस आणि उताऱ्यांवरचे वीस हे त्यानंतर. ही रचना इतकी ठाशीव आहे की चार जुन्या प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या तर कोणाही शिक्षकास ती तासाभरात उमगावी.

आता मूळ हेतू पाहा. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाबरोबर ही विद्यालये देशभर उभी राहिली. आरंभीच्या दोन विद्यालयांपैकी एक आपल्या अमरावतीचे. खेड्यातल्या मुलाची भाषा कच्ची असेल, घरात पुस्तक नसेल, तरी त्याची बुद्धी मोजली जावी, म्हणून आकृत्यांवर भर देण्यात आला. योजना उदात्त होती. परंतु आकृतीला भाषा नसली तरी सवय असते, ही गोष्ट योजकांच्या हिशेबात पुरेशी आलेली दिसत नाही. आरशाची प्रतिमा म्हणजे डावे-उजवे बदलते, वर-खाली नव्हे, हे ज्याने वीसदा करून पाहिले त्याला उत्तर द्यावयास दहा सेकंद लागतात; जो ते प्रथमच पाहतो तो दोन मिनिटे विचार करतो आणि कदाचित अधिक खोल विचार करतो. गुण मात्र पहिल्यालाच.

हा अनुभव आपल्यापुरता नाही. ब्रिटनमध्ये १९४४च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी मुलांची निवड करणारी परीक्षा रूढ झाली, तेव्हा हाच वाद पेटला होता. फिलिप व्हर्नन या मानसशास्त्रज्ञाने त्या दशकांत सराव व शिकवणी यांचा गुणांवरील परिणाम अभ्यासला. सरावाने गुण वाढतात हे तर निघालेच. पण वाढीचा मोठा भाग पहिल्या काही प्रश्नपत्रिकांतच पदरात पडतो आणि पुढे ती मंदावते, हेही निघाले. आमच्या मते पाथर्डीसाठी याहून मोलाची गोष्ट दुसरी नाही. वर्षभराच्या शिकवणीचे शुल्क देणाऱ्या पालकाला जे मिळते, त्यातील बराचसा वाटा जिल्हा परिषदेच्या शाळेत थोड्या दिवसांत, जवळजवळ फुकट देता येईल.

प्रश्नाचा साचा ओळखणे म्हणजे घोकंपट्टी, असे म्हणून नाक मुरडणारे शिक्षक आहेत. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. पावकी, निमकी, दिडकी पाठ करणारे आपले आजोबा साचेच पाठ करीत होते आणि बाजारात त्यांना कोणी फसवू शकत नसे. तक्रार करावयाची तर ती अर्धवट साच्याबद्दल करावी. ‘घंटा’ दिसली की लसावि काढा, ‘शिल्लक’ दिसले की वजाबाकी करा, असल्या खुणा वर्गांतून सर्रास दिल्या जातात. तीन घंटा ६, ८ व १२ मिनिटांनी वाजतात. नऊ वाजता तिन्ही एकदम वाजल्या. तर नऊचा टोल धरून बारापर्यंत त्या किती वेळा एकदम वाजतील? खुणेवर विसंबलेला मुलगा लसावि काढतो, २४ येतात, आणि पर्यायांत २४ असतातच. उत्तर आहे ८. तसेच, ४८ पोती विकून ३५ शिल्लक राहिली तर मूळ पोती किती, येथे ‘शिल्लक’ शब्द वजाबाकीकडे ओढतो आणि करावी लागते बेरीज. कागद दोनदा दुमडून भोक पाडले की चार भोके, हाही असाच अर्धा नियम. भोक एका घडीच्या कडेवर पडले तर उलगडल्यावर दोनच दिसतात. जुने वर्तमानपत्र आणि एक दाभण एवढ्या सामग्रीवर हे मुलांच्या हातूनच करवून घेता येते. साचा कोठे लागू पडतो याइतकेच तो कोठे मोडतो हे दाखविले, तर ते शिकवणे नव्हे असे कोण म्हणेल?

अडचण वेळेची आणि जागेची आहे. आपल्याकडे पुष्कळ गावांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला मूल जूनमध्ये दुसऱ्या शाळेत जाते, नवा शिक्षक त्याला ओळखू लागेपर्यंत अर्जाची मुदत येऊन ठेपते, आणि मग आई-बाप कारखान्यावर निघतात. मागे हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहिलेले मूल नशीबवान. जे फडावर गेले त्याचे प्रवेशपत्र शाळेच्या कपाटात पडून राहते. तयारी पाचवीवर सोडणे म्हणजे ती या मुलांसाठी न करणेच होय. दहाही आकृतिप्रकारांची ओळख तिसरी-चौथीतच, शनिवारच्या सकाळच्या शाळेत, साऱ्या वर्गाला व्हावी. निवडक ‘हुशार’ पाच जणांना नव्हे. कारण कोण हुशार, हे ठरविण्यासाठीच तर चाचणी आहे.

पंचायत समितीच्या शिक्षण विभागाने जुन्या प्रश्नपत्रिकांचा एक संच मराठीत छापून प्रत्येक शाळेस द्यावा. खर्च किरकोळ आहे. त्याबरोबर परीक्षेच्या दिवशी फडावरून परत यावयाच्या मुलांच्या प्रवासाचा खर्च कोणी सोसावयाचा, हेही ठरवावे लागेल. एका मुलासाठी दोघांची मजुरी बुडवून शेकडो किलोमीटर येणे कोयत्याला परवडत नाही, आणि मुकादम त्यासाठी सुट्टी देईल अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.