आडात आहे, मग पोहऱ्यात का येत नाही?

सदर : घरचे यंत्र, घरचा इलाज



‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. घरच्या इंटरनेटच्या बाबतीत मात्र हल्ली उलटा प्रकार दिसतो. आड तुडुंब भरलेला असतो आणि पोहरा रिकामा वर येतो. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची, म्हणजे फायबरची, तार नेण्याच्या योजनेला मंजुरी दिली. तीच योजना पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेली. खाजगी कंपन्या आणि केबलवाले यांच्याही तारा आता पुष्कळ गावांत आल्या आहेत. दरमहा पैसे भरून १०० च्या वेगाचे कनेक्शन घेतले जाते. पण मागच्या खोलीत बसून मुलीने तासिका लावली की चित्र थांबते. महाडीबीटीचा अर्ज भरताना पान अर्ध्यावर अडकते. मग घरात एकच विचार होतो : हा प्लॅन कमी पडतो, मोठा घ्यावा.

थांबा. पैसे वाढवण्यापूर्वी कालव्याचा विचार करा. टेलच्या शेतात पाणी पोचत नसेल, तर प्रत्येक वेळी धरणातच पाणी कमी असते असे नाही. बहुतेकदा शेतचारी फुटलेली असते, गवताने भरलेली असते, किंवा वरच्यानेच दारे मोडून घेतलेले असते. अशा वेळी धरणातून दुप्पट पाणी सोडले तरी टेलचा वाफा कोरडाच राहतो. घरातल्या वाय-फायचेही तसेच आहे. फायबरची तार म्हणजे कालवा, राउटरची डबी म्हणजे दार, आणि तेथून मोबाइलपर्यंतची हवेतली वाट म्हणजे आपली शेतचारी. कालवा कंपनीचा असतो, शेतचारी आपली. ती आपणच तपासायची.

आधी माप समजून घ्या

कंपनी वेग सांगते तो ‘एमबीपीएस’मध्ये. हे माप बिटचे आहे. मोबाइलमध्ये चित्रपट किंवा फाइल किती ‘एमबी’ची आहे हे दिसते, ते माप बाइटचे. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी माल येतो. १,००० एमबीचा चित्रपट उतरायला अगदी उत्तम स्थितीत ८० सेकंद लागणारच. त्यात कोणाची लबाडी नाही.

दुसरी गोष्ट, गरज किती? चित्रासह चालणाऱ्या एका तासिकेला २ ते ४ एमबीपीएस पुरतात. टीव्हीवर स्वच्छ चित्राचा सिनेमा पाहायला ५ च्या आसपास लागतात. म्हणजे पाच माणसांच्या घराला १०० चे कनेक्शन कमी पडायचे कारण नाही. तुटवडा असतो तो वाटपात.

तीन ठिकाणी मोजा, कागदावर लिहा

वेग मोजायची अॅप्स फुकट मिळतात. मोजताना मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद ठेवा, आणि घरातल्या बाकीच्यांना पाच मिनिटे इंटरनेट न वापरण्यास सांगा. मग असे करा :

१. शक्य असल्यास संगणक थेट तारेने राउटरला जोडून मोजा. घरात संगणक नसेल तर कनेक्शन देणाऱ्या माणसाला त्याचा लॅपटॉप आणायला सांगा.

२. मोबाइल घेऊन राउटरपासून सहा-सात फुटांवर उभे राहून मोजा.

३. जेथे अडचण येते तेथे, म्हणजे मागच्या खोलीत किंवा माडीवर, मोजा.

हे सकाळी एकदा आणि रात्री ८ ते १० च्या दरम्यान एकदा करा. आकडा आणि वेळ लिहून ठेवा. तारेवरच वेग कमी असेल तर दोष तारेत, राउटरच्या खाचेत किंवा कंपनीकडे. तारेवर पूर्ण पण राउटरजवळ मोबाइलवर कमी, तर दोष वाय-फायच्या पट्ट्यात किंवा मोबाइलमध्ये. राउटरजवळ चांगला पण मागच्या खोलीत कमी, तर दोष भिंतींचा आणि अंतराचा. एवढ्या एका कागदाने अर्धे निदान होते.

बैलगाडीची वाट आणि डांबरी सडक

आजचे बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर काम करतात. एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिला बैलगाडीसारखा : चिखलातून, भिंतींतून लांबवर जातो, पण हळू. दुसरा डांबरी सडकेवरच्या मोटारीसारखा : वेगवान, पण जाड भिंत आली की अडतो.

२.४ च्या पट्ट्यावर साध्या मोबाइलची जोडणी बहुधा ७२ एमबीपीएसची दिसते, आणि प्रत्यक्ष हातात पडतात ३५ ते ४५. तेव्हा प्लॅन १०० चा असो की ३०० चा, या वाटेने आकडा तेवढाच येणार. तोच मोबाइल ५ च्या पट्ट्यावर जवळ बसून वापरला तर २०० च्याही पुढे जाऊ शकतो. मोबाइलच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर बोट ठेवले की कोणता पट्टा आहे ते पुष्कळ फोनमध्ये दिसते.

अनेक राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि मोबाइल निमूट बैलगाडीत जाऊन बसतो. अशा वेळी दोन्हींना वेगळी नावे द्या. राउटरच्या खालच्या चिकटपट्टीवर त्याचा पत्ता आणि परवलीचा शब्द छापलेला असतो. त्याने सेटिंगचे पान उघडते. जवळच्या खोल्यांत ५ चे नाव वापरा, लांबच्यांत २.४ चे. आपला राउटर जुना, फक्त २.४ चाच असेल, तर प्लॅन वाढवण्यापेक्षा दोन पट्ट्यांचा राउटर घेणे शहाणपणाचे.

गावठाणात घराला घर लागून असते. शेजारच्या पाच-सहा घरांचे राउटरही त्याच २.४ च्या वाटेवर असतात आणि गर्दी होते. या पट्ट्यात एकमेकांच्या आड न येणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. शेजाऱ्यांचे कोणते आहेत हे दाखवणारी अॅप्स आहेत. त्यांत जे मोकळे दिसेल ते आपण घ्यावे. मायक्रोवेव्ह शेगडीही याच पट्ट्यात गोंधळ करते. ती चालू असताना वेग पडत असेल तर राउटर तिच्यापासून दूर न्या.

डबी कोठे ठेवली आहे?

तार रस्त्याकडून येते, म्हणून डबी पुढच्या बैठकीत, बहुधा टीव्हीच्या मागे किंवा कपाटात बसते. सर्वांत मोठी चूक येथेच होते. लोखंडी कपाट, पत्रा, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी या लहरींना अडवतात. काळ्या दगडाची दीड-दोन फुटी भिंत आणि सळ्यांचा स्लॅब यांतून ५ चा पट्टा जवळजवळ जातच नाही. जुन्या वाड्यात दाराची चौकट हीच लहरींची खरी वाट.

तेव्हा डबी घराच्या मध्यभागी, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, उघड्या फळीवर ठेवा. शक्य असेल तर दारांच्या रांगेत ठेवा. अँटेना उभ्या असाव्यात, कारण लहरी अँटेनाच्या टोकातून निघत नाहीत, तिच्या चहूबाजूंना आडव्या पसरतात. माडीवरही हवे असेल तर दोनपैकी एक अँटेना आडवी करून पाहा.

फायबरची तार मात्र स्वतः ओढू नका. आत केसासारखी काच असते. तिला तीव्र वळण दिले तर प्रकाश वाटेतच गळतो. तार वाढवण्याचे काम कंपनीच्या माणसाकडून करून घ्या. तुटलेल्या तारेच्या टोकात डोळा लावून पाहू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यास अपाय करू शकतो. मुलांनाही हे बजावा.

आकडा ९५ वरच अडतो का?

काही घरांत प्लॅन २०० किंवा ३०० चा असतो, पण चाचणी कधीच ९५ च्या पुढे जात नाही. रोज तोच आकडा. ही खूण लक्षात ठेवा. राउटरची तार लावायची खाच १०० च्याच क्षमतेची आहे, किंवा तार सदोष आहे. स्वस्त राउटरवर ‘३००’ छापलेले असते, ते हवेतले माप. तारेची खाच अनेकदा १०० चीच असते.

जोडतारेत आठ बारीक तारा असतात. १०० च्या वेगाला चार पुरतात, १,००० ला आठही लागतात. उंदराने एक कुरतडली किंवा टोकाची पिन सैल झाली, की यंत्र गुपचूप खालच्या वेगावर येते. बंद पडत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. तारेच्या वेष्टनावर ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ असे छापलेले पाहूनच तार घ्या. ५० चा प्लॅन असलेल्यांनी याची चिंता करू नये.

मागच्या खोलीसाठी काय करावे?

बाजारात रिपीटर मिळतो. तो ऐकलेले पुन्हा ओरडून सांगणाऱ्या माणसासारखा आहे. एकाच वाटेवर ऐकायचे आणि सांगायचे असल्याने साध्या रिपीटरमागे वेग निम्म्याच्या आसपास येतो. निम्मा पुरत असेल तर तो जरूर घ्या, पण जेथे वाय-फाय पोचतच नाही तेथे लावू नका. त्यालाच काही ऐकू आले नाही तर तो सांगणार काय? राउटर आणि ती खोली यांच्या मधोमध लावा.

पक्का इलाज म्हणजे मागच्या खोलीपर्यंत तार नेऊन तेथे दुसरी डबी बसवणे. तार १०० मीटरपर्यंत चालते. एकदा खर्च होतो, पण दरमहाचा वाढीव प्लॅन वाचतो. शेजारी एखादा जुना राउटर पडून असेल तर जाणकाराकडून तोही या कामाला लावता येतो.

एक सूचना कळकळीची. गोठ्यातल्या किंवा शेतघरातल्या कॅमेऱ्यासाठी तांब्याची तार उघड्या अंगणावरून, झाडांवरून नेऊ नका. जवळपास वीज पडली तर तारेतून झटका घरात येतो. इमारतीबाहेर जायचे तर धातू नसलेली फायबर किंवा बिनतारी जोडणी वापरा. वळवाचे ढग दाटले की विजेची पिन काढून ठेवा.

दारे कोणी मोडले?

वाय-फायवर एका वेळी एकच यंत्र बोलते, बाकीची थांबतात. कोपऱ्यातला जुना मोबाइल हळूहळू बोलत राहिला तर त्याच्यामुळे सर्वांची पाळी लांबते. लग्नाचे फोटो-व्हिडिओ मोबाइल आपोआप वर चढवत असतात. चार कॅमेरे दिवसरात्र चित्र बाहेर पाठवत असतात. वर जाणारी वाट अशी भरली की खाली येणारेही अडते. फोटो चढवण्याचे काम रात्री ११ नंतर ठेवा. परवलीचा शब्द सहा महिन्यांत कोणाकोणाला दिला ते आठवा. राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते, ती पाहा. अनोळखी नावे दिसली तर शब्द बदला. शेजारधर्म राहू द्या, पण हिशेब असू द्या.

मोटार सुरू होताना घरातले दिवे मंद होत असतील, तर त्याच क्षणी राउटरही बंद होऊन पुन्हा उठतो आणि दोन-तीन मिनिटे नेट जाते. त्यास राउटरसाठीचा लहान बॅटरीचा संच हा सोपा इलाज.

कंपनीला केव्हा धरावे?

तार आणि खाच धड असूनही थेट राउटरवरचाच आकडा कमी येत असेल, तर दोष त्यांचा. रात्रीच वेग पडत असेल तर त्यांच्या वाहिनीवर गर्दी आहे. महिनाअखेरीस पडत असेल तर प्लॅनची ठरलेली डेटामर्यादा संपली आहे का ते पाहा. तिच्यापुढे वेग आपोआप कमी केला जातो. तक्रार तोंडी करू नका. आपल्या कागदावरचे आकडे सांगा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. तेवढ्याने काम झाले नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते, त्याला फी नाही. आणि जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएसपेक्षा कमी वेगाला सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणतच नाहीत, हेही ठाऊक असू द्या.

शेवटी एवढेच. राउटर असतो पुढच्या बैठकीत, जेथे टीव्ही आणि पाहुणे असतात. अभ्यास करणारी मुलगी बसते मागे, स्वयंपाकघराला लागून, कारण शांतता तेथेच मिळते. परगावी असलेल्या लेकाशी आई बोलते तीही चुलीपाशी बसून. ज्यांना निकड जास्त, तेच घरातले टेलचे शेतकरी ठरतात. म्हणून चाचणी पुढच्या खोलीत करून ‘आपले नेट उत्तम आहे’ असे म्हणू नका. मागच्या खोलीत आकडा मोजा. तेथे १० जरी सतत टिकून आले, तरी तिची तासिका अडणार नाही.

पुढील आठवड्यात : उन्हाळ्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीची निगा.