नाव पडद्यावरचे, बोट गावाकडे

सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याने वळसंगला यायचे तर वाटेत कुंभारी लागते. तिथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे. कामगार नेते आडम मास्तरांच्या पुढाकाराने लढून मिळवलेली, 2006 साली किल्ल्या हाती आलेली. तीन-चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी तिथे ओळखीच्या घरी बसलो होतो. घरच्या बाईच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू. नजर टीव्हीवर होती आणि बोटे न बघता विडी वळत होती. 'आई कुठे काय करते' चालू होती. मालिकेत घरची माणसे नायिका अरुंधतीची कसली तरी चूक काढत होती. बाईंनी दोऱ्याचा वेढा देता देता म्हटले, "बघा की, इतकी वर्षं राबली, आन् हे अजून तिच्यातनं छाटच काढतेत."

कारखान्यात विड्या मोजून घेताना नीट वळली नाही म्हणून जी बाजूला काढतात, ती छाट. तिची मजुरी मिळत नाही. छाट खरी किती आणि मुद्दाम काढलेली किती, यावरून या बायकांची पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली आहेत. पण छाट काढणाऱ्याच्या तोंडावर बोलणे सोपे नसते. उद्याचे पान आणि तंबाखू त्याच्याच हातून मिळायचे असते. अरुंधतीच्या सासरबद्दल बोलायला मात्र कोणाची भीती नाही. म्हणून जे कारखान्याच्या दारात गिळले, ते टीव्हीपुढे बाहेर आले.

आमच्या यंदाच्या अंकाच्या विषयाचे बीज तिथेच पडले. सिनेमा आणि मालिका पाहून आपली माणसे जे बोलतात, त्याला आपण करमणुकीच्या गप्पा समजतो. माझे मत वेगळे आहे. आपल्याकडचे सगळ्यात मोकळे राजकीय बोलणे याच गप्पांत होते. नाव पडद्यावरच्या माणसाचे असते, बोट गावातल्या माणसाकडे असते.

वडील सांगत, त्यांनी 'सामना' जत्रेतल्या तंबूत पाहिला. तेंडुलकरांनी लिहिलेला आणि 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला हा सिनेमा दिग्दर्शित केला होता जब्बार पटेल यांनी. पंढरपुरात जन्मलेले, सोलापूरच्या हरिभाई देवकरण प्रशालेत शिकलेले, म्हणजे आपलेच. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात सिनेमातला हिंदुराव धोंडे पाटील कोण, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. तंबूतून बाहेर पडताना जो तो आपापला हिंदुराव मनात घेऊन निघाला, आणि पुढे कितीतरी दिवस पारावर सिनेमात गायब झालेल्या मारुती कांबळेची चौकशी चालली होती. मारुती कांबळेचे नाव घेतले की ऐकणाऱ्याला कळायचे, कोणत्या गावातल्या कोणत्या माणसाबद्दल विचारणे चालले आहे ते. पन्नास वर्षे झाली, सिनेमा न पाहिलेली पोरेही आज विचारतात, मारुती कांबळेचे काय झाले? एका पात्राच्या नावाने महाराष्ट्राला पुढाऱ्याला जाब विचारायची रीत दिली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

हिंदुराव झालेले निळू फुले राष्ट्र सेवा दलात वाढले होते आणि उत्तरायुष्यात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होते. तरी बायका त्यांना प्रत्यक्षात पाहून बिचकत, शिव्या देत, हे ते स्वतःच सांगत. त्यावरून गावाकडच्या प्रेक्षकाला भाबडे ठरवायची आपल्याकडे सवय आहे. मला ते पटत नाही. त्या बायकांनी तशी नजर घरापासून बांधापर्यंत पाहिलेली होती. ओळखण्यात त्यांची चूक झाली नव्हती, समोरचा माणूस तेवढा वेगळा होता.

मग आमच्याच जिल्ह्यातल्या जेऊरचा नागराज मंजुळे आला आणि गप्पांचा सूर बदलला. 'फँड्री'त शाळेतली पोरे बघतात आणि जब्या व त्याच्या घरचे डुकरामागे धावतात, तो प्रसंग मी सोलापुरात भरलेल्या थिएटरात पाहिला. पुढच्या रांगांतून हसू फुटले. माझ्या शेजारचा पोरगा मात्र खुर्चीच्या हाताला घट्ट धरून बसला होता. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ पडद्याबाहेर आला, तेव्हा हसणारे गप्प झाले. बाहेर चहाच्या गाड्यावर कोणी कोणाकडे बघेना. कोण हसले, कोण हसले नाही, हे सगळ्यांना कळले होते.

2016 च्या एप्रिलमध्ये 'सैराट' आला. पहिल्या अर्ध्या भागात लोक खुर्च्यांवर उभे राहून नाचले, शेवटच्या काही मिनिटांत थिएटरात श्वास ऐकू येत होता. अकलूजच्या रिंकू राजगुरूची आर्ची बुलेटवर बसली, ट्रॅक्टर चालवला, म्हणून पोरींनी तिला डोक्यावर घेतले. पण शेवटी आर्चीचा जीव घेणाऱ्या तिच्या भावाबद्दल एस. टी. स्टँडवर दुसऱ्या दिवशी मी माझ्या कानाने ऐकले, "बरोबरच केलं की बे भावानं." बोलणारा बारावीतला पोरगा होता, स्वभावाने गरीब. त्याच्याशी मी तासभर बोललो. त्याला एक सख्खी बहीण होती, एवढेच मला कळले. ते वाक्य त्या दिवशी ऐकले नसते तर बरे झाले असते, असे मला कधीच वाटले नाही. मनात साचलेले असे काही बाहेर येते तेव्हाच त्याच्याशी बोलता येते. त्या पोराच्या तोंडून ते 'सैराट'ने काढले.

आता मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. हल्ली मत सिनेमाच्या आधी येते. 'छावा' या ऐतिहासिक सिनेमाचा ट्रेलर जानेवारी 2025 मध्ये आला आणि लेझीमच्या प्रसंगावरून वाद पेटला. प्रसंग काढून टाकला गेला, सिनेमा फेब्रुवारीत लागला. मार्चमध्ये नागपुरात दंगल झाली, तेव्हा मुख्यमंत्र्यांना विधिमंडळात या सिनेमाचा उल्लेख करावा लागला. शिवसेनेच्या नेत्यावरचा 'धर्मवीर' मे 2022 मध्ये आला, पुढच्याच महिन्यात शिवसेना फुटली. त्याचा दुसरा भाग 2024 च्या विधानसभा निवडणुकीच्या दोन महिने आधी. सिनेमा कसा होता हे कोणी विचारतच नाही. तू कोणत्या बाजूचा, एवढेच विचारतात. मोबाइलवर आलेले मत पुढे ढकलले की काम झाले. त्यात विडी वळणाऱ्या बाईच्या 'छाट'सारखा स्वतःच्या कामातून, स्वतःच्या अंगातून आलेला एक शब्द नसतो. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि सोलापुरात गेल्यावर तेलुगू ऐकणारी आमच्या भागातली माणसे तिन्ही भाषांतले सिनेमे बघतात आणि तिन्हींवर बोलतात. एवढी मोठी जाण असलेल्या माणसांनी दुसऱ्याने दिलेले मत वापरावे, याचे दुःख होते.

म्हणून यंदा आम्ही जाणकार समीक्षकांऐवजी यंत्रमागावरचे कामगार, ऊसतोडीला जाऊन आलेल्या बायका, कॉलेजातली पोरे यांना विचारले: तुमच्या मनात बसलेले एक पात्र सांगा, आणि का बसले ते सांगा. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांचे आम्ही उतरवून घेतले. बोली तशीच ठेवली आहे. काही मते मला मान्य नाहीत, दोन तर वाचून झोप उडाली. तीही छापली आहेत.

याच कामासाठी मी वळसंगमध्ये एका आजींकडे गेलो होतो. इथल्या दलितांच्या विहिरीवर 1937 साली बाबासाहेब आले होते, ती विहीर गावाने जपली आहे. आजींचे घर तिथून फार लांब नाही. टीव्हीवर जुन्या काळची कसलीशी मालिका चालू होती. पोराला तहान लागलेली, आणि कोणीतरी उंचावरून, शिवायचे नाही म्हणून, त्याच्या ओंजळीत पाणी ओतत होते. मी विचारले, "आजी, कसं वाटतंय?" त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग स्वतःचे दोन्ही हात पुढे करून ओंजळ तोंडाशी नेली, कोपरे वर उचलली आणि म्हणाल्या, "त्याला कुणी शिकवलं नाही. कोपर असं वर धरायचं असतं, नाहीतर निम्मं पाणी बाहीत जातं."