चिमणीचं पझेशन

मागच्या वीकएण्डला आजोळी, बेंबळीला गेले होते. धाराशिव स्टँडवरून पुढची एसटी पकडायची आणि उतरायचं. प्लॅन एकदम सिंपल होता : आंबे, झोप आणि मोबाइलशी ब्रेकअप. पण पहिल्याच दिवशी सकाळी पावणेसहाला कुणीतरी पांघरूण ओढलं.

'ताई, ऊठ की! आले बघ सगळे.'

सगळे म्हणजे पाहुणे नव्हेत. माझा मामेभाऊ नववीत आहे आणि त्याचं एक खाजगी रेस्टॉरंट आहे. परसातल्या कडुलिंबाला ज्वारीच्या कणसांची जुडी टांगलेली, खाली मातीच्या परळात पाणी. दुर्बीण वगैरे काही नाही. शंभर पानी वही आणि तासन्‌तास गप्प बसायची तयारी, बस्स. गंमत म्हणजे हाच मुलगा हुरड्याच्या दिवसांत शेतात डबा बडवून पाखरं हाकलतो. विचारलं तर म्हणाला, 'ते शेतातलं. हे घरचं.' घ्या!

अर्ध्या तासात मला कळलं, की इथेही ऑफिससारखंच पॉलिटिक्स आहे. होला खाली पडलेले दाणे निमूट टिपतो. साळुंक्या सगळ्यांवर दादागिरी करतात. बुलबुल कणसाकडे बघतही नाही, पाणी पिऊन निघतो. पण भावाच्या वहीची बरीच पानं एका चिमणीने खाल्लीत. ती कणसातले दाणे मजेत खाते. मग शेवग्यावर जाते, चोचीत हिरवी अळी धरते आणि थेट घरात शिरते. 'दाणा तिला, अळी पोरांना,' तो म्हणाला. चिमणीची पिल्लं पहिले काही दिवस मुख्यतः किड्यांवरच वाढतात, हे पुस्तकात आहेच. यानं ते परसात बसून शोधलं.

मी जरा भाव खात सांगितलं, की पुण्यात माझ्याही बाल्कनीत फीडर आहे, ऑनलाइन मागवलेला.

'किती चिमण्या येतात?'

'...कबुतरं येतात.'

तो हसला नाही, एवढा सज्जन आहे. पण खरंच, कुंडीत एक किडा दिसला की आपण स्प्रे मारतो आणि शेजारी बाजरीचं पाकीट रिकामं करतो. चिमणीने पोरांना वाढवायचं कशावर?

एका चिमणीने माणूस किती बिघडू शकतो, याचं मोठं उदाहरण म्हणजे सालिम अली. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीने त्यांना मुंबईच्या बीएनएचएसच्या दारात नेलं. १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राच्या नावातही चिमणीच आहे. आमचा हिरो अजून मामाच्या फोनवरून दर फेब्रुवारीत 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट'मध्ये यादी भरण्यापर्यंत पोचलाय. एका जागी किमान १५ मिनिटं बसायचं, दिसेल ते मोजायचं. भारत यात २०१३ पासून आहे. मी यंदा पहिल्यांदा ऐकलं.

आता खरी भानगड. मामाचं घर जुनं, माळवदाचं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगडमातीच्या छताखाली झोपायची या भागात अनेकांना धास्ती बसली. मामी तर अजूनही भांडं पडलं की दचकते. यंदा एकदाचे पैसे जमले. मृगाच्या आत स्लॅब पडला पाहिजे, गवंडी ठरलाय. आणि त्याच माळवदात, तुळईच्या फटींत, चिमण्यांची तीन घरटी. तिन्हींत पिल्लं.

'पंधरा दिवस थांबा की! तेवढ्यात उडतात ती,' भाऊ म्हणतो. 'आणि पाऊस आला तर तू धरणार का छत?' मामा म्हणतो. मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी आंबा खाल्ला.

रात्री जेवताना तोडगा निघाला. आधी पुढची खोली पाडायची, घरट्यांची मागची खोली शेवटी. गवंडी कुरकुरला, पण कबूल झाला. भावाने जुन्या फळ्यांचं खोकंही ठोकलंय, साळुंकी शिरू नये म्हणून भोक मुद्दाम लहान ठेवून. चिमण्या त्याच्यावर बसतात. आत अजून कुणी गेलेलं नाही.

पुण्यात परतल्यावर, काल संध्याकाळी त्याचा मेसेज आला : '१ घरटं रिकामं. २ बाकी. इकडं आभाळ आलंय.'