हुर्यो कुणाची?

मंडळी, आज शनिवार, हातात चहाचा मग आहे आणि बऱ्याच दिवसांपासून पोटात दुखतंय ते आज लिहूनच टाकतो. विषय अमेरिकन फुटबॉलचा आहे. पळू नका! नियम येत नसले तरी चालेल, कारण शेवटी मुद्दा आपल्या सगळ्यांच्या ऑफिसात येऊन बसणार आहे.

तर झालं असं. फेब्रुवारी २०२६, सुपर बोलचा रविवार. दादाकडे (म्हणजे माझा मावसभाऊ, पंचवीसेक वर्षांपासून न्यू जर्सीत मुरलेला) एडिसनला जमलो होतो. वहिनीने मिसळ केली होती. मॅच सिएटल सीहॉक्स विरुद्ध न्यू इंग्लंड पेट्रिअट्स, म्हणजे आम्हा जेट्सवाल्यांचा काडीचाही संबंध नाही. आणि दादा आतल्या खोलीतून एक जुनी हिरवी जर्सी घालून बाहेर आला. नंबर १४. पाठीवर नाव डार्नल्ड.

"अरे, हे काय घातलंयस?" वहिनी.

"श्रद्धांजली," दादा म्हणाला. "त्याला नाही. आपल्याला."

कारण त्या रात्री सिएटलचा क्वार्टरबॅक होता सॅम डार्नल्ड. तोच, ज्याला २०१८ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने वाजतगाजत आणला आणि २०२१ मध्ये भंगारात काढावा तसा काढला. सिएटल जिंकलं. डार्नल्डने चषक उचलला आणि आमच्या घरात कुणीच काही बोललं नाही. मिसळ मात्र संपली :-)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू. जवळपास प्रत्येक चाल त्याच्या हातात चेंडू येऊन सुरू होते. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर धावून येत असतात आणि दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं की पास कुणाला द्यायचा. दुसरी गोष्ट, ड्राफ्ट. कॉलेजमधून येणारी नवी पोरं टीम्स दरवर्षी पाळीपाळीने निवडतात आणि पहिली पाळी आदल्या वर्षीच्या सगळ्यात वाईट टीमची. म्हणजे हरण्याचंही एक बक्षीस असतं. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आमची टीम. जेट्सने सुपर बोल जिंकला तो एकदाच, जानेवारी १९६९ मध्ये. जो नेमथने आधीच छातीठोकपणे सांगितलं होतं की आम्ही जिंकणार, आणि बाल्टिमोर कोल्ट्सला १६-७ हरवून दाखवलं. त्यानंतर आजतागायत सुपर बोल खेळायलाही मिळालेला नाही. आरसीबीवाल्यांना निदान अठराव्या सीझनला, २०२५ मध्ये, कप मिळाला. आमचं तर २०१० च्या सीझननंतर २०२५ पर्यंत एकदाही प्लेऑफचं तोंड बघणं झालं नाही. सलग पंधरा वर्षं!

या काळात क्वार्टरबॅक किती झाले बघा. मार्क सँचेझने पहिल्या दोन सीझनमध्ये टीमला फायनलच्या एक पायरी खाली नेलं, आणि २०१२ च्या थँक्सगिव्हिंगला तो आपल्याच खेळाडूच्या पार्श्वभागावर आदळला, चेंडू सुटला, प्रतिस्पर्ध्याने उचलून पळवला. लोकांना त्याचं तेवढंच आठवतं. मग जीनो स्मिथ. २०१५ मध्ये लॉकर रूममध्ये सहकाऱ्याने ठोसा मारून त्याचा जबडा मोडला. (पुढे २०२२ मध्ये हाच जीनो सिएटलला जाऊन चमकला. सिएटलचं पाणी काय वेगळं आहे का?) मग डार्नल्ड, झॅक विल्सन, ॲरन रॉजर्स, जस्टिन फील्ड्स. दरवेळी तीच गोष्ट. येताना आरती, जाताना हुर्यो.

मी इंजिनिअर आहे हो. मशीनचा एकच पार्ट सहा वेळा बदलला आणि तरी मशीन चालत नसेल, तर सातवा पार्ट मागवण्याआधी मी प्लग तपासतो.

तर तपासूया. डार्नल्डला घेतलं तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्याच्यासाठी जेट्सने ड्राफ्टमधल्या दुसऱ्या फेरीच्या तीन पाळ्या मोजल्या. पहिलं वर्ष संपताच कोच टॉड बोल्सला काढलं. दुसऱ्या वर्षी ॲडम गेस आला, नवी सिस्टिम आली. मे २०१९ मध्ये जनरल मॅनेजरला नारळ दिला. आधी त्यालाच बाजारात खेळाडूंवर पैसे उधळू दिले, ड्राफ्टही करू दिला, आणि मग काढला! म्हणजे सगळं किराणा सामान भरून झाल्यावर आचाऱ्याला घरी पाठवायचं आणि नव्याला सांगायचं, आता यातच काय ते कर. ऑक्टोबर २०१९ मध्ये पेट्रिअट्सने ३३-० असं धुतलं. डार्नल्डचे चार पास विरोधकांनी पकडले. बाकावर बसलेला असताना मला भुतं दिसतायत असं तो बोलून गेला, त्याला माइक लावलेला होता आणि ते देशभर ऐकू गेलं. लोक हसले. भुतं खरी होती, फक्त ती मैदानावर नव्हती, वरच्या मजल्यावर होती.

२०२० तर कहर. सलग १३ पराभव. फॅन्सनी मनाची समजूत काढली होती की चला, निदान पहिली पाळी मिळेल आणि ट्रेव्हर लॉरेन्स नावाचा हिरा येईल. आणि डिसेंबरात हे लोक लॉस अँजेलिस रॅम्सविरुद्ध चक्क जिंकले. पहिली पाळी गेली जॅक्सनव्हिलला. स्वतःची टीम जिंकली म्हणून कपाळावर हात मारून घेणारी माणसं जगात फक्त आमच्याकडेच सापडतील.

दुसऱ्या पाळीत आला झॅक विल्सन. नवा कोच रॉबर्ट सालेह, पुन्हा नवी सिस्टिम. पासिंग शिकवायला आणलेले अनुभवी कोच ग्रेग नॅप जुलै २०२१ मध्ये सायकलवरच्या अपघातात गेले. ते दुर्दैव, त्यात कुणाचा दोष नाही. पण सीझन सुरू झाला तेव्हा या पोराच्या जोडीला एकही जुनाजाणता क्वार्टरबॅक ठेवलेला नव्हता. हा मात्र कुणाचा तरी निर्णय होता. जो फ्लॅकोला आणलं ते ऑक्टोबर संपताना, पोराचा गुडघा दुखावल्यावर.

आता माझं पाप सांगतो. २२ डिसेंबर २०२२, गुरुवारची रात्र, धो धो पाऊस. दादाला दोन तिकिटं स्वस्तात मिळाली होती. सीकॉकसवरून मॅचच्या दिवशी सुटणारी ट्रेन पकडून आम्ही मेटलाइफ स्टेडियमला गेलो. (नाव न्यूयॉर्क जेट्स, खेळतात न्यू जर्सीत. असो.) समोर जॅक्सनव्हिल, म्हणजे तोच लॉरेन्स! झॅकला काही म्हणजे काही जमत नव्हतं. हळूहळू बू सुरू झालं आणि मग थांबेचना. मीही ओरडलो. पार घसा बसेपर्यंत ओरडलो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याला बाहेर बसवलं आणि राखीव सराव पथकातला एक जण आत आला, तर लोकांनी त्याला टाळ्या दिल्या. हरलो १९-३. त्या रात्री झॅक तेवीस वर्षांचा होता. मी त्याच्याएवढाच.

परतीच्या ट्रेनमध्ये ओले मोजे सांभाळत बसलो होतो तेव्हा मला हिंजवडी आठवली.

माझी पहिली नोकरी. कंपनीचं नाव जाऊ द्या. फ्रेशर म्हणून लागलो आणि चार महिन्यांत पेमेंटचं एक जुनं मॉड्यूल गळ्यात पडलं, कारण ते लिहिणारा सीनियर पेपर टाकून गेला. केटी किती दिवसांची? दोन. वर्षभरात तीन मॅनेजर झाले आणि प्रत्येकाने आल्याआल्या आधीचं सगळं चुकीचं आहे असं जाहीर करून नवा फ्रेमवर्क आणला. मग एका शुक्रवारी रात्री रिलीज झोपला. आरसीए मीटिंगमध्ये स्क्रीनवर एक ओळ होती. कारण, ह्यूमन एरर. आणि पुढे माझं नाव. टेस्टिंगचे दिवस कुणी कापले ते त्या शीटमध्ये नव्हतं. मला बेंचवर टाकलं. हो, आमच्याकडेही बेंचच म्हणतात.

आता इथे कुणी म्हणेल, म्हणजे झॅक बिचारा आणि तू बिचारा, सगळा दोष सिस्टिमचा? नाही. हे फार सोपं होईल. नोव्हेंबर २०२२ मध्ये पेट्रिअट्सविरुद्ध १०-३ ने हरलो, त्यात दुसऱ्या हाफमध्ये टीम एकूण २ यार्ड पुढे सरकली. दोन यार्ड! आपल्या हॉलची लांबी त्याहून जास्त असते. आणि डिफेन्सचा आपल्यामुळे घात झाला असं वाटतं का, या प्रश्नाला झॅकने सरळ 'नाही' म्हणून टाकलं. चिडणारच ना लोक? २०२४ मध्ये तो डेन्व्हरला गेला, तिथे सीझनच्या एकाही मॅचमध्ये उतरला नाही. प्रत्येक टाकून दिलेल्या माणसात डार्नल्ड लपलेला नसतो. माझ्या त्या मॉड्यूलमध्येही एक चूक खरंच माझी होती. नल चेक विसरलो होतो.

पण म्हणूनच सांगतो, माणूस कच्चा होता की जागा वाईट होती हे एका उदाहरणावरून कळत नाही, रांग बघावी लागते. रांगेत कच्ची पोरं होती तसा चार वेळा एमव्हीपी झालेला ॲरन रॉजर्सही होता. ११ सप्टेंबर २०२३ ला तो झेंडा घेऊन मैदानात धावत आला आणि चौथ्याच चालीत त्याची टाच गेली. ते नशीब, मान्य. पण २०२४ मध्ये तो धडधाकट परतला, तेव्हा काय केलं? पाच मॅचनंतर कोच सालेहला हाकललं, नोव्हेंबरात जनरल मॅनेजरला. सीझन संपला तेव्हा ५ विजय, १२ पराभव. मग रॉजर्सलाही निरोप. तो पिट्सबर्गला गेला आणि २०२५ च्या पहिल्याच मॅचला आमच्याच मैदानावर चार टचडाऊन पास टाकून आम्हाला हरवून गेला. च्यायला!

क्वार्टरबॅक बदलले, कोच बदलले, मॅनेजर बदलले. काय बदललं नाही? २००० साली वुडी जॉन्सन यांनी ही टीम ६३.५ कोटी डॉलर्सना घेतली, तेव्हापासून मालकी त्यांच्याच घरात आहे. मधली काही वर्षं ते लंडनला राजदूत होते, तेव्हा भावाने कारभार पाहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये टीम सातही मॅच हरली होती, तेव्हा मालक पत्रकारांसमोर बोलले. कोचची पाठराखण केली आणि बोट दाखवलं क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्सकडे. पुढच्याच रविवारी त्याच फील्ड्सने सिनसिनाटीला त्यांच्या घरी ३९-३८ हरवलं. नोव्हेंबरात तोही बेंचवर. शेवट ३-१४.

दादाला मी हे सगळं सांगितलं तर म्हणतो, "तुझं बरोबर आहे रे, पण तिकिटाचे पैसे देतो आपण. ओरडायचं नाही तर काय टाळ्या वाजवायच्या?"

ओरडायचं. जरूर ओरडायचं. फॅनच्या हातात दुसरं आहेच काय? मालकाला कुणी काढू शकत नाही, त्याला आरसीए लागत नाही. आणि म्हणूनच सगळा राग उतरतो तो समोर दिसणाऱ्या, पावसात भिजणाऱ्या पोरावर. तो सोपा असतो. जवळ असतो. त्याच्या पाठीवर नाव असतं. वरच्या बॉक्सला काच असते.

हे मला कळलंय असं मी समजत होतो. पण यंदा जानेवारीत माझ्या टीममधल्या फ्रेशर पोरीचा रिलीज झोपला. मॅनेजरने कॉलवर विचारलं, "कुणी केला होता?" आणि मी एका सेकंदात तिचं नाव सांगून मोकळा झालो. रिव्ह्यूला तिला मी अर्धा तासही दिला नव्हता, हे सांगितलं नाही. सुपर बोलच्या रात्री दादाची ती १४ नंबरची जर्सी बघताना तेच डोक्यात फिरत होतं. सोमवारी जाऊन शीटमधली ती ओळ बदलून घेतली. 'रिव्ह्यू झाला नाही' असं लिहिलं, पुढे माझं नाव. मॅनेजरला आवडलं नाही. चालायचंच.

असो. पुढच्या सीझनला दादा आणि मी पुन्हा ती ट्रेन पकडू, आणखी कुणीतरी नवा पोरगा हिरव्या जर्सीत असेल. हरलो की मी पुन्हा ओरडणार, घसा बसेपर्यंत. फक्त या वेळी मैदानाकडे नाही, मान वर करून त्या काचेकडे बघून.

बघा पटतंय का. चहा गार झाला, निघतो.