‘कोणीही’ या शब्दाचे मोल

इंग्रजीतील ‘एनीबडी’ हा शब्द आपले विद्यार्थी लहान वयातच शिकतात. परंतु मराठीत त्याचा अर्थ सांगताना एक शब्द पुरत नाही. प्रश्नात वा नकारात तो ‘कोणी’ होतो : ‘कोणी आले का?’, ‘वर्गात कोणी नाही.’ मुभा देताना तोच ‘कोणीही’ होतो : ‘कोणीही यावे.’ हा भेद मराठी एका ‘ही’ने दाखविते.

‘एनी’चे मूळ जुन्या इंग्रजीतील ‘एक’ या अर्थाच्या शब्दात आहे, तर ‘बॉडी’ म्हणजे देह, आणि जुन्या वापरात माणूस. त्याचे क्रियापदही एकवचनीच असते. आपला ‘कोणी’ मात्र ‘कोण?’ या प्रश्नातून जन्मला. पालीतही ‘को’ म्हणजे कोण, आणि ‘कोचि’ म्हणजे कोणी.

‘कोण?’ हा प्रश्न आपल्या समाजात साधा कधीच नव्हता. पाणवठ्यावर आणि देवळाच्या दारात त्याचा अर्थ ‘जात कोणती?’ असाच होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. तरी त्या ‘सर्वां’मध्ये आपण नव्हतो. म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तेथील पाणी ओंजळीत घ्यावे लागले. पुढे संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदाने कोणत्याही व्यक्तीला कायद्यापुढील समानता नाकारण्यास राज्याला मनाई केली. ‘कोण?’चे उत्तर काहीही असो, हक्क तोच राहील, हे त्या ‘ही’चे सामर्थ्य आहे.

आपल्या वागळे इस्टेटमध्येच १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. येथील कारखान्यांत राबण्यासाठी गावोगावची माणसे आली. अशाच श्रमिकांच्या मुलांना आपल्या वसतिगृहाने आसरा दिला. आता शाळेचा लौकिक वाढल्यावर ‘कोणालाही प्रवेश देऊ नका’ असा सूर आपल्यातूनच अधूनमधून उमटतो. या वाक्यातला ‘कोणीही’ म्हणजे ऐरागैरा. इंग्रजीतही ‘एनीबडी’ असाच तुच्छतेने वापरला जातो.

माझे मत स्पष्ट आहे. गुणवत्ता शाळेने घडवावी; ती प्रवेशद्वाराशी मागू नये. जागा अपुऱ्या असतील तर गरज पाहून द्याव्यात. ज्यांना एके काळी ‘कोणीही’मधून वगळले गेले, त्यांच्या संस्थेने तो शब्द तुच्छतेने उच्चारू नये.