पाणी मागणारा भीमराव

१४ एप्रिलला आमच्या इंझोरीकडच्या गावांत निघणाऱ्या मिरवणुकीतल्या फोटोत बाबासाहेब बहुतेक सुटाबुटातले असतात, हातात पुस्तक, चेहऱ्यावर अधिकार. बॅरिस्टर झालेल्या माणसाचा हा मान रास्तच आहे. पण त्या सुटाआड नऊ वर्षांचा भिवा झाकला जातो.

१९०१ च्या उन्हाळ्यात भिवा, त्याचा भाऊ आणि भाचे साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. अंगात नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. मसूर स्टेशनात जात कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला. दुप्पट भाड्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही अशा अटीवर की बैल पोरांनी हाकायचे, तो बाजूने चालणार. सोबत डबा होता, पाणी नव्हतं. रात्री टोलनाक्यावर मुसलमान असल्याचं सांगून उर्दूत पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. वडील तिकडे दुष्काळी कामावरच्या तलावाच्या खोदकामाचे खजिनदार होते, हे विसरू नये.

१९१३ ते १९१६ भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले, पुढे लंडनला गेले. परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याचा त्यांना विसरच पडला होता. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर आले, आणि पारशी वसतिगृहात खोटं नाव सांगून राहावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात. परक्या मुलुखात उतरणाऱ्याच्या नशिबी जे येतं, ते यांना मायदेशी परतल्यावर भोगावं लागलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींच्या नावातला उपरोध म्हणूनच झोंबतो.

पण अशा आठवणी वाचता न येणाऱ्यांपर्यंत पोचायच्या कशा? शाहीर भीमराव कर्डकांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार न वाचणाऱ्यांपर्यंत नेला, चित्रकथेचं काम त्याच्याच पुढचं. अमेरिकेत १९५७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर दहा सेंटांचं कॉमिक निघालं, ते चळवळीतल्या तरुण पोरांच्या हाती पडलं. आपल्याकडे १९७९ मध्ये अमर चित्र कथेत बाबासाहेब आले. पण तो साचा महापुरुषाचा. त्यात समाजाचा गुन्हा नायकाच्या यशाखाली दबतो.

२०११ मध्ये ‘नवयान’ प्रकाशनाने काढलेल्या ‘भीमायन’ या चित्रकथेने हा साचा मोडला. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांना चौकटींत कोंडलेली चित्रं नको होती. त्यांच्या पानावर मायेचं बोलणं पाखराच्या आकारात येतं, जातीचं बोलणं विंचवाची नांगी घेऊन. तहानलेल्या भिवाचं धड मासा होतं. पाण्याच्या हक्कासाठी भरलेल्या महाडच्या सभेतल्या भोंग्यांतून पाण्याच्या धारा कोसळतात. वाचता न येणाऱ्या आजीलाही नातवाच्या मांडीवरचं ते पान कळावं, आणि मला वाटतं ही कला इथेच जिंकते.

पुस्तक मूळ इंग्रजीत आलं, याची चुटपुट लागते. मसूरची गोष्ट मसूरच्या भाषेत आधी यायला हवी होती. पण त्याने भूतकाळाचं दार लावून घेतलं नाही, हे महत्त्वाचं. आजच्या बसस्टॉपवर आरक्षणाबद्दल कुरकुरणाऱ्या तरुणाशी बोलता बोलता ही कथा उलगडते, मधूनमधून वर्तमानपत्रांतल्या बातम्या येतात. त्यांत आपल्याच विदर्भातलं, २००६ चं खैरलांजीचं दलित हत्याकांडही आहे.